तिसऱ्या मजल्यावरचा घास

त्या दुपारी दवाखान्याच्या खोलीत आम्ही पाच जणी होतो. खाटेवर अक्का. उशाशी तिची लेक सुमती, म्हाताऱ्यांच्या होममधली ड्युटी अर्धी टाकून आलेली, अंगात कामाचाच निळा झगा. मशीनजवळ फिलिपिनो नर्स. खिडकीशी माझी नात ईशा, फोन हातात घेऊन. आन् पायथ्याशी मी. सहावा एक होता, पण तो फोटोतला. प्लास्टिकच्या पिशवीत घालून अक्काच्या उशीखाली ठेवलेला, एकोणीस वर्षांचा, तिचा पोरगा. अक्कानं डोळं उघडलं, सगळ्यांना सोडून माझ्याकडं बघितलं आन् एकच शब्द बोलली. "पम्बाय." नर्सला कळलं न्हाई. तिनं इचारलं, "इज शी इन पेन?" सुमतीला कळलं, तिनं तोंड फिरवलं. ईशाला वाटलं मला कळलं न्हाई, म्हणून तिनं भाषांतर करणारा फोन पुढं धरला, आन् त्या फोनमधली बाई मोठ्यानं मराठीत म्हणली, "मुंबई." मी अक्काच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाला आधण ठेवत होते, तवा सुमतीनं दार वाजवलं. "आँटी... अम्मा इज गॉन."

ह्याला आता सात आठवडं झालं. मी लिहिणारी बाई न्हाई. चौथीत होते तवा आमची शाळा धरणाच्या पाण्यात गेली, गावासकट, तवापासनं अक्षराशी माझा संबंध सहीपुरता. हे मी बोलती हाय आन् सून टाइप करती हाय. ती मधीच शुद्ध करायला बघती, मी म्हणते राहू दे हाय तसं. हे सांगायचं कारण एकच. अक्काचा पोरगा हरवला, त्याला हुडकायला तिनं एक काम मला सांगितलं होतं, आन् मी न्हाई म्हणले होते.

नॉर्थ यॉर्कच्या ह्या बिल्डिंगीत मी आले तवा ईशा पाच वर्षांची होती. आता चौदाची हाय. संतोष, माझा पोरगा, कॉम्प्युटरमध्ये, सून पण कामाला, म्हणून पोरगी सांभाळायला मला आणलं. तिसरा मजला, शेजारी अक्काचं दार. दोघींच्या बाल्कन्या लागून, मधी पत्र्याचा आडोसा. पहिलं वर्षभर अक्का म्हंजी दाराच्या भिंगामागचा एक डोळा, एवढीच मला ठाऊक. मी लिफ्टकडं निघाले की त्या भिंगात सावली हलायची. मी गेले की मग दार उघडायचं. बेसमेंटात कपडे धुवायला जावं तर ही आधीच खुर्ची भिंतीला टेकवून मशीनसमोर बसलेली. कपडे होईस्तोवर जागची हलायची न्हाई. मला वाटायचं, हिला काय वाटतं, मी हिची लुगडी पळवीन? मग मी पण माझी खुर्ची ओढून माझ्या मशीनसमोर बसायला लागले. दोन म्हाताऱ्या, दोन मशिनी, एकमेकींवर नजर. ईशाला हसू यायचं. "आजी, यू टू आर लाइक सिक्युरिटी गार्ड्स."

संतोषनं तर पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. "आई, शेजारचे लोक श्रीलंकेतले तमिळ आहेत. युद्धातनं आलेले. कोण कुठल्या बाजूला होतं, काय करून आलं, आपल्याला माहीत नाही. हाय-हॅलोपुरतं ठेव. आपली इथं कायमचं राहायची, पीआरची फाइल चालू आहे, डोन्ट गेट इन्व्हॉल्व्ह्ड." फाइल म्हंजी काय ते मला नीट कळत न्हाई. पण धरणाच्या वेळेपासनं एवढं कळतं, की सरकारात आपला कागद पडलेला असला तर माणसानं खोकताना पण इकडं तिकडं बघावं. मी बघत राहिले.

दुपारी बाराच्या सुमाराला मात्र अक्का बाल्कनीत यायची. हातात स्टीलच्या डब्याचं झाकण, त्यावर मूठभर भात, वर कालवण. झाकण कठड्यावर ठेवायची आन् समोरच्या मॅपलच्या झाडाकडं तोंड करून हाक मारायची, "का, का, का..." कावळे इथं पण हायत, आपल्यापेक्षा दांडगे. एक यायचा, खायचा. तो उडाला की मगच ही आत जाऊन जेवायची. बर्फ पडत असलं तर कोट-टोपी घालून, पण यायची. मी आडोशाच्या फटीतनं बघायची. दहा दिवस, महिना, दोन महिने. एक दिवस खाडा न्हाई.

आता आमच्यात कावळ्याला घास कवा घालत्यात? माणूस गेल्यावर. दहाव्याला पिंड ठेवायचा. कावळा शिवला तर जीव सुटला. न्हाई शिवला तर मेलेल्याचं मन कशाततरी अडकलंय, मग घरच्यांनी एकेक गोष्ट कबूल करत जायचं, त्याच्या मनातली सापडेस्तोवर. माझा मालक गेला तवा कावळा लई वेळ लांब बसून होता. दीर म्हणले म्हातारीला सांभाळू, हालला न्हाई. कोण म्हणलं बैल इकणार न्हाई, हालला न्हाई. मग मी पुढं झाले आन् म्हणले, संतोषला शिकवीन, मला कायबी करायला लागलं तरी. शिवला. त्यानंतर चौदा वर्षं मी रस्त्याच्या कामावर खडी फोडली. त्याबद्दल माझं काई म्हणणं न्हाई. बोललं की करायचं असतं.

तर मला वाटलं, ह्या बाईचं कोणतरी गेलंय आन् हिच्या हातनं काई कबूल होईना, म्हणून रोज घास चाललाय. वरच्या मजल्यावरच्या पंजाबी बाईनं लिफ्टमध्ये सांगितलं, "उनका बेटा लड़ाई में खो गया." मी मनात दोन आन् दोन चार केले. एका शनिवारी ईशाला घेऊन बाल्कनीत गेले आन् म्हणले, फोनवर इचार, पोराचा घास ठेवता का म्हणावं, देव त्याला शांती देवो. तिला बरं वाटावं म्हणून म्हणले, देवाशप्पथ. फोननं ते तमिळमध्ये खणखणीत सांगितलं, आगगाडीची घोषणा करावी तसं. अक्कानं आधी फोनकडं बघितलं, मग माझ्याकडं. कावळा कठड्यावर येऊन बसला होता तरी तिनं झाकण उचललं, भातासकट आत नेलं, आन् पडदा ओढला. ईशा म्हणली, "आजी, व्हॉट डिड वी जस्ट से टू हर?" मला कुठं ठाऊक.

चार महिने ती माझ्यासमोर आली न्हाई. कपडे धुवायची वेळ बदलली. मी मनात म्हणायची, बरं झालं, असली शेजारीण नसल्यालीच बरी, कायतरी लपवायचं असणार म्हणून एवढी झोंबली. मग एक दिवस लिफ्टमध्ये सुमती भेटली. तिला हिंदी येती, होममधल्या गुजराती म्हाताऱ्यांपायी शिकली. ती म्हणली, "आँटी, आमच्यात कावळा रोज आधी खातो, मग माणसं. त्याला कुणी मरायला लागत न्हाई. आन् अम्माचं म्हणणं, कावळा दारात ओरडला की पावणा येतो. त्यानं आपल्याच दारात ओरडावं म्हणून ती त्याला सवय लावती. आठ-नऊ वर्षं झाली, माझा भाऊ येईल म्हणून. तुम्ही तिला सांगितलं, तो मेलाय."

लिफ्ट खाली जाऊन परत वर आली, मी आतच. कावळा ओरडला की पावणा, हे आमच्यात न्हाई का? लहानपणी ओसरीवर कावळा ओरडला की आई पीठ जास्त मळायची. मला ठाऊक होतं. पण घास बघितला आन् मला आधी मेलेलं माणूस आठवलं. असं का झालं त्याचा मी लई इचार केला. माणूस जे सोसतो तेच त्याला दुसऱ्याच्या ताटात दिसायला लागतं, दुसरं काय.

माफी मागायची तर तो फोन मधी नको होता. मी भाकरीचा तुकडा घेतला आन् बाराच्या ठोक्याला आमच्या कठड्यावर ठेवला. "का, का, का." पलीकडनं काई आवाज न्हाई. कावळा आला, भाकरी एका डोळ्यानं बघितली, आन् अक्काच्या भाताकडं गेला. रोज असंच. नऊ-दहा दिवसांनी आडोशाच्या फटीतनं आवाज आला, "यू कुक... क्रो नो लाइक." मी फटीतनं भाकरी पुढं केली. तिनं वास घेतला, उलटीपालटी केली, आन् परत माझ्या हातात दिली. "यू ईट फर्स्ट." मी खाल्ली. मी मेले न्हाई हे नीट बघून मग तिनं खाल्ली. तवापासनं मी तिला अक्का म्हणायला लागले, आमच्यात पण थोरलीला अक्काच म्हणत्यात. ती मला मराट्टीअम्मा. कोण थोरली ते दोघींना पण ठाऊक न्हाई.

मग पानं सुरू झाली. तमिळ दुकानातनं सुमती पानं आणायची, दुपारी दोघी बाल्कनीत स्टुलावर. अक्का प्रत्येक पान दोन्ही अंगांनी बघायची, उजेडाला धरायची, मग चुना लावायची. ईशा शाळेतनं आली की फोन घेऊन मधी बसायची आन् आमच्या गोष्टी चालायच्या. अक्का जाफना शहराची असं कुणी म्हणलं की तिला राग यायचा. "नो जाफना. वन्नी." जाफन्याची माणसं शिकलेली, वन्नीची रानातली, ती आम्हाला हसायची, असं सांगायची. वन्नी म्हंजी भाताची खाचरं, ताडाची झाडं, रात्री पिकात हत्ती, आन् गावागणिक तळं. तळ्याचा बांध राजांच्या काळातला, पाणी सोडायचा मान ठरल्याल्या घराचा. मी म्हणले, माझं गाव पाण्याखाली. तिनं इचारलं, कुणी बुडवलं? मी म्हणले, सरकारनं, वीज पायजे होती. तिनं पानाचं देठ खुडलं आन् म्हणली, आमच्याकडं पाणी गावाला धरून राहायचं, तुमच्याकडं गावच पाण्यानं धरलं. आता तिच्या गावात शिपायांची छावणी हाय. जुन्या काळी वन्नीचे सरदार ना जाफन्याच्या राजाचं ऐकायचे ना गोऱ्यांचं, आन् शेवटच्याचा घात झाला तो घरच्याच माणसानं केला, असं ती सांगायची. "म्हणून वन्नीत परक्याला भीत न्हाईत. ओळखीच्याला भित्यात." हे फोननं सांगितलं तवा ती माझ्याकडंच बघत होती. मी म्हणले, मग मी कोण? ती हसली आन् पान दिलं.

पोराची गोष्ट काढायची असली की ती आधी फोन फ्रिजमध्ये ठेवायला लावायची, त्यातनं कुणी ऐकंल म्हणून. खरंच सांगते. ईशा ओरडायची, "आजी, माय बॅटरी!" पण अक्का फ्रिजचं दार लावून, वर हात ठेवून बघायची, मगच बोलायची. मग अर्धं हातांनी, अर्धं मोडक्या इंग्रजीत, कवा सुमती असली तर तिच्या हिंदीत. युद्ध संपत आलं तवा हे लोक एका गावातनं दुसऱ्या गावात सरकत सरकत शेवटी समुद्राकाठच्या वाळूत अडकले. डोक्यावर बोचकं, हातात फावडं, जिथं थांबतील तिथं खड्डा खणून त्यात बसायचं. मग एक दिवस गोळ्या थांबल्या. सगळ्यांना रांगेत उभं केलं. गणवेशातला माणूस भोंग्यातनं म्हणला, पोरांची नावं द्या, चौकशी करून सोडू, जो नाव देईल तो लवकर घरी जाईल. अक्काचा पोरगा मागं मागं सरत होता. हिनं त्याचा हात धरला, पुढं नेलं, आन् स्वतःच्या तोंडानं नाव सांगितलं. त्याला बसमध्ये बसवलं. खिडकीतनं त्यानं इचारलं, अम्मा, जेवलीस का? ती बस कुठं गेली ते आजतागायत कुणी सांगितलं न्हाई.

म्हणून ती कुणाला नाव सांगायची न्हाई. दाराच्या भिंगातला तो डोळा, मशीनसमोरची ती खुर्ची, सगळं मला तवा कळलं. मागं कितीतरी लोकांचे फोन आले होते म्हणे, तुमचा पोरगा सापडला, आधी माहिती द्या. अक्का एकच इचारायची, आमच्या घरामागं कसलं झाड होतं ते त्याला इचारा. एकालाबी सांगता आलं न्हाई. तिकडच्या सरकारकडनं एक कागद पण आला होता, पोरगा गेला हे मान्य करा म्हंजी तसा दाखला देऊ. तिनं तो सही न करता परत धाडला. सुमतीला ते पटलं नव्हतं. ती मला म्हणली, "आँटी, माझा भाऊ गेलाय. मला ठाऊक हाय. पण अम्माला सांगायचं कुणी?" एकदा मात्र, फोन फ्रिजमध्ये असताना, अक्कानं माझ्या कानाला तोंड लावून त्याचं नाव सांगितलं. झाडाचं पण सांगितलं. कशापायी सांगितलं ते मला तवा कळलं न्हाई.

त्याच सुमाराला अक्काच्या दारावर मॅनेजमेंटची नोटीस लागली. पाखरांना खायला घालू नका, घाण होती, तक्रार आली हाय. अक्कानं नोटीस हातात धरून माझ्याकडं बघितलं. तो भिंगातलाच डोळा. मी छातीवर हात ठेवून म्हणले, मी न्हाई. तिनं मान हलवली, पण मानेत जीव नव्हता. मी म्हणले, नोटीस तुझ्या नंबरला हाय, माझ्या न्हाई, झाकण माझ्या कठड्यावर ठेव. तवापासनं ती बारा वाजता आडोशावरनं झाकण माझ्याकडं द्यायची आन् मी ठेवायची. कावळा आता आमच्या कठड्यावर जेवायला लागला, घाण पण आमच्याकडं. पण आमच्या दाराला नोटीस कधी आली न्हाई. यावरनं काय ते समजा. मी संतोषला इचारलं न्हाई. सून हे टाइप करताना खाली बघून हसली, म्हंजी बरोबर असंल.

मग ती दुपार आली. मी गावी जायची होते, इथं आल्यापासनं पहिल्यांदाच, मुंबईला उतरून पुढं साताऱ्याला. बॅगा भरून झाल्या होत्या. अक्का आली, फोन स्वतःच फ्रिजमध्ये ठेवला, आन् पदराआडनं प्लास्टिकची पिशवी काढली. फोटो. पांढरा शर्ट, कान जरा बाहेर आलेले, ओठ दाबून धरलेले, हसू येत असल्यासारखे. सुमती पण होती, तिनं सांगितलं. त्या धामधुमीत कितीतरी पोरं होडीनं समुद्र ओलांडून भारतात पळाली. एका बाईनं तिथल्या निर्वासितांच्या छावणीत असाच एक पोरगा बघितला होता, तो पुढं कामाच्या शोधात मुंबईला गेला, कुठल्यातरी खानावळीत हाय म्हणे. खरं का खोटं कुणास ठाऊक. अक्काला मुंबईला जाणारं ओळखीचं माणूस इतक्या वर्षांत पहिल्यांदा मिळालं होतं. तिनं फोटो माझ्यापुढं धरला. "मराट्टीअम्मा. यू टेक. पम्बाय. यू आस्क."

माझ्या डोक्यात त्या वेळी काय आलं ते खरं सांगते. मला वाटलं, अस्सं. म्हणून ती पानं. म्हणून ती भाकरी, ते नाव, ते झाड. पहिल्यापासनं हिला मुंबईच पायजे होती, मी न्हाई. वर संतोषची फाइल डोळ्यापुढं आली. इमानतळावर कुणी इचारलं हा कोण, युद्धातला का, तर मी काय सांगणार? मी म्हणले, "मला जमायचं न्हाई, अक्का." हात मागं घेतले. सुमतीनं हे तमिळमध्ये सांगायची गरज पडली न्हाई.

तिनं भांडायला पायजे होतं. तिनं फोटो पिशवीत घातला, पिशवीची घडी केली आन् म्हणली, "सरि." म्हंजी बरं. दुसऱ्या दिवशी बारा वाजता झाकण आडोशावरनं आलं. त्याच्या कडेला एक पान, माझ्यासाठी, चुना लावून. मी ते पान खाल्लं न्हाई, फेकलं पण न्हाई. बॅगेच्या कप्प्यात वाळून गेलं.

मुंबईला मी उतरले. भाच्याची गाडी होती. वाटेत सिग्नलला एका इडलीच्या खानावळीसमोर थांबलो, आत पोरं ताटं उचलत होती. मी काच वर केली. भाचा म्हणला, "आत्ती, उकडतंय की, काच कशाला?" म्हणले, धूळ येती. परत आल्यावर अक्कानं एका शब्दानं इचारलं न्हाई. दीड वर्ष आम्ही तशाच बसायचो, पान, झाकण, कावळा. पण मधनंमधनं ती माझ्या तोंडाकडं बघायची, बाजारातनं आलेल्या माणसाच्या पिशवीकडं पोरं बघत्यात तशी. मला वाटायचं, हिनं मला ओळखलंय. मग हिवाळ्यात तिला धाप लागायला लागली, आन् पुढचं मी वर सांगितलं.

त्यांच्यात एकतिसाव्या दिवशी इधी असतो, तो सुमतीनं देवळात नीट केला. पण दहाव्या दिवशी माझ्यानं राहवलं न्हाई. मी सुमतीकडनं ते झाकण मागून आणलं, भाताचा मुटका केला आन् आमच्या कठड्यावर ठेवला. कावळा मॅपलवर आला. रोजचाच, त्याच्या शेपटीत एक पीस मोडलेलं हाय. बसला. झाकणाकडं बघितलं आन् चोच पुसत राहिला. मी म्हणले, सुमतीकडं लक्ष ठेवीन. हालला न्हाई. तुझ्या घरातली तुळस मी माझ्याकडं आणीन, थंडीत मरू देणार न्हाई. हालला न्हाई. पाय गारठले. मागं दारात ईशा उभी होती. "आजी, जस्ट से इट. यू नो व्हॉट शी वॉन्ट्स." पोरगी मराठी बोलत न्हाई, पण समजती सगळं. मला ठाऊकच होतं. ते शेवटाला ठेवलं होतं, एवढंच. मी म्हणले, "अक्का, फोटो घेते. इचारीन." आन् कावळा आला. आता कुणी म्हणंल भुकेनं आला. मला पण तसंच वाटतं, दहा मिनिटांत कुठलापण कावळा येतो. पण बोलले ते बोलले.

सुमतीनं फोटो आणून दिला तवा म्हणली, "तुम्ही घ्या. मला टाकवत न्हाई आन् ठेववत पण न्हाई." संतोषला मी जेवताना सांगितलं, हे सगळं पेपरच्या पुरवणीत छापायला देते. तो म्हणला, "आई, पेपरात? कशाला नसत्या भानगडीत?" मी म्हणले, फाइल तुझी हाय, जीभ माझी हाय. त्यानं भाकरी मोडली. मग म्हणला, "नाव नको छापू." त्यात मात्र आमचं दोघांचं एकमत झालं.

फोटो आता आमच्या स्वयंपाकघरात हाय, मसाल्याच्या फळीवर, पिशवीसकट. झाकण सुमतीनं परत नेलं न्हाई. बारा वाजले की भाताची पहिली मूठ त्यावर जाती, मग आम्ही जेवतो. सून पण आता आधी ताट वाढत न्हाई.

वाचणाऱ्यांना एक मागणं हाय. फोटो छापत न्हाई आन् नाव पण सांगत न्हाई, अक्काला ते आवडलं नसतं. पण मुंबईत न्हाईतर कुठंपण, खानावळीत, गोदीवर, बांधकामावर, पस्तिशीचा एखादा तमिळ माणूस तुमच्या बघण्यात असंल, कान जरा बाहेर आलेला, वन्नीकडचा, आन् जेवायच्या आधी पहिला घास कठड्यावर न्हाईतर खिडकीत बाजूला काढून ठेवत असंल, तर त्याला हटकू नका, पोलिसाला सांगू नका. त्याच्या शेजारी बसा. त्याला एवढंच इचारा, तुमच्या घरामागं कसलं झाड होतं? तो काय म्हणतो ते ह्या पुरवणीच्या पत्त्यावर मला लिहून कळवा. बरोबर का चूक ते मला ठाऊक हाय. बरोबर असंल तर त्याला सांगा, तुझी आई जेवली होती. रोज, तुझ्या कावळ्यानंतर.